अम्मीचं जामन

दारव्हा
१९ जानेवारी

आरिफा,

दूध लागत नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहिताना आधी तब्येत विचारायला हवी. मी तसं लिहिलं होतं. तो कागद फाडला.

संध्याकाळी जामन घालतो. सकाळी झाकण काढलं की दूध जसंच्या तसं, दह्याचं नाव नाही. नासलेलंही नाही. आंबट वास नाही. नुसतं पांढरं, पातळ, गार. पहिल्यांदा झालं तेव्हा थंडीमुळे असेल म्हणून अम्मीच्या तांब्याच्या गंजाला गोधडी गुंडाळली. मग दूध बदललं. पुंडलिकरावांचं बंद करून दुसऱ्या गोठ्यातून आणलं. पुंडलिकराव दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "जब्बारभाई, माह्या म्हशीनं तुमचं काय घोडं मारलं? पाणी घातलं असंन तर सांगा, गधड्यावर बसून गाव फिरतो." अब्बांनी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दुधाचंही दही झालं नाही. आता पुन्हा पुंडलिकरावांचंच घेतो.

दूध चांगलं आहे. मरतंय ते जामन.

मी मोहल्ल्यात विचारून आले. कोणाकडेच नाही. सगळे आपल्याकडूनच दही नेत होते, मग घरी जामन कशाला ठेवतील? शेजारची हंसाबाई असती तर तिच्याकडे असतं. तिच्या सुना पिशवीतलं दही आणतात.

तुझ्याकडे आहे. तू जाताना वाटीभर नेलंस, ते अजून चालू आहे. जीपवाला हिरासिंग तिकडे तुझ्या दुकानात दही खातो. मला म्हणाला, "बाई, डोळे मिटून खाल्लं तर दारव्ह्यात बसल्यावानी लागते." अब्बांसमोर तो हे बोलत नाही.

अर्धी वाटी पाठव. एवढंच मागायचं आहे.

मराठीत लिहिते, कारण अब्बांना मराठी वाचता येत नाही. हिरासिंगच्या जीपमधून पाठवते, कारण माझा फोन तू घेत नाहीस. अब्बांना यातलं काही माहीत नाही. तुझ्याबद्दल बोलताना ते अजून तोच शब्द वापरतात, तू गेलीस त्या दिवशीचा. पूर्वीपेक्षा कमी. आता एकूणच कमी बोलतात.

नसरीन


दारव्हा
३० जानेवारी

आरिफा,

पत्र तुझ्या हातात दिलं, असं हिरासिंग म्हणाला. तू ते गल्ल्याखाली ठेवलंस आणि त्याला ताक पाजलंस. निरोप दिला नाहीस.

दरम्यान काय कळलं ते लिहिते. पुंडलिकरावांची निकिता आठवत असेल. म्हशीमागे शेपटी धरून यायची ती. आता दुधाच्या कॉलेजात शिकते. मी तिच्याबरोबर आपल्या गंजातल्या दुधाची बाटली पाठवली होती. रविवारी ती घरी आली आणि सरळ दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. वर बघत होती.

"मावशी, चक्का कुठं टांगता?"

मी खिळा दाखवला. लग्नसराईत श्रीखंडाच्या ऑर्डरी येतात, तेव्हा त्या खिळ्याला फडकी टांगलेली असतात. खाली तपेलं, त्यात दह्याचं पाणी गळत असतं. त्याच्या बाजूच्या फळीवर जामनाचा गंज. तुला सगळं माहीत आहे. अम्मीनं मांडलेलं तसंच आहे.

निकिता म्हणाली, हा विषाणू आहे. माणसाला, जनावराला काही करत नाही. जामनातल्या जंतूंना होतो. ती जामनाला विरजण म्हणते. जंतू मेले की दुधाला आंबटपणा येत नाही आणि दूध लागत नाही. एका जंतूत शिरलेला विषाणू बाहेर पडताना शेकड्यानं बाहेर पडतो. मेलेल्या दह्याच्या पाण्याच्या एका थेंबात तो मावेल तेवढा असतो. थेंब उडतो, हवेतून फळीवर बसतो. दूध उकळलं म्हणून तो लगेच मरत नाही.

मी औषध विचारलं. ती म्हणाली, नाही.

अब्बा आत आले. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं.

"हजराबीनं उमरभर इथंच टांगलं," ते अम्मीचं नाव घेऊन म्हणाले. "तिचं काहून नाही मेलं?"

"काका, नशीब होतं."

"नशीब दिसते का तुह्या दुर्बिणीत?"

"नाही दिसत. हे पण नाही दिसत आमच्या कॉलेजच्या दुर्बिणीत. लय बारीक आहे."

अब्बा हसले. खूप दिवसांनी हसले. मग तिच्या सांगण्यावरून त्यांनी खिळा उपटला. चक्का यापुढे अंगणात टांगायचा. भिंती, ओटा, फळी ब्लीचिंगनं धुतली. फडकी जाळली. गंजाला मात्र हात लावू देत नाहीत. निकितानं दोनदा सांगितलं, गंज रिकामा करा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, वाळवा. पण आपल्याकडे गंज कोरडा करत नाहीत. तळाला चमचाभर राहू द्यायचं आणि त्यावर नवं घालायचं. आता तळाला जे आहे त्यात जिवंत काहीच नाही, असं निकिता म्हणाली. अब्बा म्हणतात, ब्लीचिंगनं कल्हई जाईल. ते कल्हईबद्दलच बोलतात. दुसरं काही म्हणत नाहीत.

निकितानं आणखी एक सांगितलं. पुडीतली पावडर आणा. तिच्यातले जंतू वेगळे, त्यांना हा विषाणू लागत नाही. दोन-तीन जातीच्या ठेवा, आलटून पालटून लावा, म्हणजे कोणत्याच विषाणूला घर मिळणार नाही. हे मी आधी याच ओट्यापाशी ऐकलं होतं, तुझ्या तोंडून. तेव्हा अब्बांनी पुडी नालीत फेकली होती आणि तू वाटी भरून तुझ्या जमीरच्या गाडीवर बसली होतीस.

आता नीट वाच. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "आरिफा मावशीचं आणि तुमचं विरजण एकच. जे इथं याला मारतं, ते तिथं त्याला मारणार. तिकडून इकडं आणा, पण या खोलीत आणू नका. आणि इकडून तिकडं काही जाऊ देऊ नका. दही नाही, भांडं नाही, चमचापण नाही."

म्हणून अर्धी वाटी इथं पाठवू नकोस. हिरासिंगला सांग, पुंडलिकरावांच्या घरी उतरव. निकिताच्या आईनं चुलीशेजारचा कोनाडा रिकामा केला आहे. तिथं आधी वाढवू. इथला गंज अब्बा झोपल्यावर मी धुईन, मग जे व्हायचं ते होवो.

तूही एक वाटी बर्फाच्या कप्प्यात बाजूला ठेव. हेही निकिताच म्हणाली.

नसरीन


दारव्हा
११ फेब्रुवारी

आरिफा,

डबा मिळाला.

अम्मीचाच आहे. झाकणाला पोचा आहे तो. तू डबाही नेला होतास हे मला माहीत नव्हतं. आम्ही इतकी वर्षं हंसाबाईच्या सुनांवर संशय घेत होतो.

आज बाजाराचा दिवस. मी भाजी आणायला गेले होते. हिरासिंगला पुंडलिकरावांकडे जायचं होतं, पण मागे बकऱ्या आणि मधे एक बाळंतीण, सगळे ओरडत होते. त्यानं डबा इथंच दिला, अब्बांच्या हातात.

मी आले तेव्हा तो ओट्यावर बसून घाम पुसत होता.

"बाई, चाचानं इचारलं कोणाचं हाये. म्या खोटं नाई बोलत बकऱ्यायसमोर."

"काय म्हणाले?"

"काईच नाई. झाकण उघडलं. वास घेतला. मंग म्हने, हिरासिंग, हे हजराबीचं हाये."

मी आत गेले. डबा धुवून पालथा घातला होता. सगळं गंजात गेलं होतं, त्या तळच्या चमचाभरावर; मी गंज अजून धुतलाच नव्हता. अब्बा गंजाला गोधडी गुंडाळत होते. मी निकिता काय म्हणाली होती ते पुन्हा सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "नसरीन, पोरगी घरी येते तं तिले गोठ्यात उतरवते का कोणी?"

मी भाजी निवडायला बसले. तू असतीस तर बोलली असतीस.

नसरीन


दारव्हा
१३ फेब्रुवारी

आरिफा,

लागलं.

काल सकाळी झाकण काढलं तर गंज भरून घट्ट. बोट लावलं तर बोटाची खूण राहिली. वरची साय पिवळी. अब्बांनी वाटीत काढलं, उभ्यानंच खाल्लं, बिनासाखरेचं. मग मला दिलं. तोच आंबटपणा, जिभेला आधी कळत नाही आणि मग मागून येतो. मी दुकानाचं शटर वर केलं. पुंडलिकराव आले, त्यांनाही वाटी दिली. ते म्हणाले, "आता म्हशीची माफी मागा सगळ्यायनं."

निकिताला फोन केला. तिनं विचारलं, किती दुधात किती घातलं? मी सांगितलं, थोड्या दुधात पूर्ण डबा. ती म्हणाली, मावशी, एवढं घातल्यावर पहिल्यांदा लागतंच. दुसऱ्यांदा बघा.

आता डब्याबद्दल. काल दुपारी अब्बांनी तो खाली घेतला, पुसला आणि या दह्यानं काठोकाठ भरला. वरची साय मोडू न देता भरला. झाकणावर फडकं बांधलं. आज हिरासिंग निघाला तेव्हा स्वतः जीपपर्यंत गेले. भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण एवढ्यासाठीच नाही. त्यांनी हिरासिंगला निरोप दिला, तो मी ऐकला. "तिले सांगजो, जामनात घाल म्हणा."

अम्मी आणि हंसाबाई भांडायच्या, तेव्हा मिटवायला मधे कोणी पडत नसे. एक जण जामन पाठवायची. दुसरीनं आपल्या गंजात घातलं की मिटलं. नुसतं खाऊन टाकलं, तर नाही मिटलं. आपण दोघी वाटी घेऊन जायचो आणि दारात थांबून बघायचो, हंसाबाई काय करते ते.

अब्बांनी सहा वर्षांत तुला काही पाठवलं नव्हतं. ईदलाही नाही.

निकिता काय म्हणाली होती ते मी तुला मागे लिहिलं आहे. पुन्हा लिहीत नाही.

हे पत्र डब्याबरोबर देते. हिरासिंग हॉर्न वाजवतो आहे.

नसरीन


दारव्हा
४ मार्च

आरिफा,

दुसऱ्यांदा अर्धवट लागलं. खाली दूध, वर थर, झोळीसारखा हलणारा. तिसऱ्यांदा पाणी.

तेव्हा लगेच लिहायला हवं होतं. पुंडलिकरावांच्या घरी लग्न होतं. मग रमजान जवळ आला. ही कारणं आहेत, खरी आहेत.

रोजे सुरू झाल्यावर दुकान बंद ठेवता येत नाही. मी यवतमाळहून पुड्या मागवल्या. जामनाचा गंज तसाच फळीवर आहे, झाकलेला. पावडर मी नव्या स्टीलच्या गंजात लावते, पुढच्या खोलीत. घट्ट लागतं. रोज लागतं. दोन प्रकारच्या पुड्या आहेत, एक दिवस ही, एक दिवस ती, तू सांगत होतीस तसं. इफ्तारीला लोक रांग लावून नेतात. कोणी काही म्हणत नाही. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, हल्ली दही मस्त लागतं तुमचं.

अब्बा ते खात नाहीत. पहाटे सहरीला दूधच पितात. रोज जीपची वेळ झाली की ओट्यावर येऊन बसतात. हिरासिंगला काही विचारत नाहीत. तो लांबूनच हात हलवतो आणि स्टँडकडे जातो. ते पुन्हा आत येतात.

काल मात्र बोलले. म्हणाले, "आपलं मेलं तं मेलं. तिच्याकडं तं चालू हाये. ईदले जाऊन घेऊन येऊ."

जाऊ म्हणाले, आरिफा. स्वतः येणार आहेत.

तू ते खाल्लंस की घातलंस, एवढं कळव. चिठ्ठी नको. हिरासिंगला नुसतं हो किंवा नाही सांग.

खाल्लं असशील तर बरं. अब्बांना मी काय सांगायचं ते बघून घेईन.

नसरीन


दारव्हा
१७ मार्च

आरिफा,

डबा आला.

हिरासिंगनं आज जीप स्टँडवर नेली नाही. दुकानासमोर उभी केली, इंजिन बंद केलं नाही आणि डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. हातात घेतल्याबरोबर वजन कळलं.

"बाई, मले काही इचारू नका," तो म्हणाला. मग त्यानंच सांगितलं. तुझ्याकडे दूध लागत नाही. पावडरचं लागतं, अम्मीचं लागत नाही. तू बाजूला ठेवलेली वाटी काढलीस, तीही त्याच खोलीत लावलीस. ती पण पाणी.

मी विचारलं, त्या दिवशी तिनं काय केलं?

"म्या चाचाचा निरोप सांगतला. ती चिठ्ठी वाचत व्हती. मंग गल्ल्याखालून मागची चिठ्ठी काढली, तेबी वाचली. जमीर म्हने, खाऊन टाकू, कोणाले समजते? तिनं मले इचारलं, हिरासिंगभाऊ, अब्बा खरंच असं म्हणले? म्या म्हणलं, याडीची शपथ." त्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "मंग तिनं डबा गंजात उलटा केला. मले वाटलं खुशीची गोष्ट हाये. म्या तिथं पेढा मागतला, बाई."

म्हणजे तू मागचं पत्र पुन्हा काढून वाचलंस. मी धरून चालले होते की ते तू नीट वाचलंच नसशील, किंवा विसरली असशील. तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या अब्बांना. तेही निकितासमोर उभे होते, त्यांनीही ऐकलं होतं, पण त्यांनी त्यातलं काही मानलं नव्हतं.

गाडी हलता हलता हिरासिंगनं तुझा निरोप दिला. "अब्बाले सांगजो नको."

अब्बा आतून म्हणाले, "काय आलं?"

मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी फडकं सोडलं. आत पाहिलं. मग वास घेतला, पहिल्या वेळी घेतला होता तसा, डोळे मिटून. ब्लीचिंगचा वास मला लांबून येत होता. तू तो किती वेळ बुडवून ठेवला असशील! पोच्याच्या आत, कडेच्या दुमडीत, कुठं काही राहिलं नव्हतं. इथं एक थेंबही परत येऊ नये म्हणून तू तो धुतलास. हे मला कळलं. त्यांना कळण्याचा काही रस्ता नव्हता.

"रिकामा पाठवला," ते म्हणाले.

त्यांनी डबा उलटा करून पाहिला.

"साखरेचा खडा तं टाकते कोणीबी."

ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी सांगेन याची वाट बघत होते. सांगायला एकच गोष्ट होती. ती सांगितली असती तर तुझ्यावरचा शब्द निघाला असता आणि अम्मीचं जामन कोणी संपवलं ते त्यांना कळलं असतं. तू तुझं ठरवून पाठवलंस. मला वाटतं, तू बरोबर ठरवलंस. मला नक्की वाटत नाही.

मी म्हणाले, "निरोप काही नाही."

त्यांनी फडक्याची घडी करून डब्यावर ठेवली. मग उठून फळीवरचा जामनाचा गंज खाली घेतला. मला वाटलं, झाकण काढून बघतील. त्यांनी तो अंगणात नेला, नळाखाली उलटा केला आणि राखेनं घासायला बसले. रोज्याच्या उन्हात, कोरड्या तोंडानं. मी म्हटलं, मी घासते. हातानंच नको म्हणाले. तळाची कल्हई निघून तांबं दिसेपर्यंत घासत होते. मग गंज उन्हात पालथा घातला. आपल्या घरात तो मी पहिल्यांदा कोरडा पाहिला.

आत येताना म्हणाले, "कल्हईवाला आला तं सांग. कल्हई झाली का तुही पावडर त्याच्यातच लाव."

आणि मग, हात पुसताना, माझ्याकडे न बघता तो जुना शब्द.

ईदला ते येणार नाहीत.

आज इफ्तारीला त्यांनी पुडीचं दही खाल्लं. पूर्ण वाटी. कसं लागलं ते मी विचारलं नाही.

हे पत्र उद्या हिरासिंगकडे देईन. डबा देणार नाही. तो मी फळीवर ठेवला आहे. भरून पाठवावं असं इथं आता काही नाही.

नसरीन